गेरिटमध्ये एका नियमासाठी अख्खं जावा प्लगइन? आधी ग्रूव्ही करून बघा

तुम्हाला एवढंच हवंय की कमिट मेसेजमध्ये तिकीट नंबर नसेल तर गेरिटने, म्हणजे गिटवरच्या कोड रिव्ह्यू सर्व्हरने, पुश नाकारावा. तेवढ्यासाठी जावा प्लगइन लिहून बेझल या बिल्ड टूलने बिल्ड करत बसू नका. ग्रूव्ही ही जावासोबत चालणारी स्क्रिप्टची भाषा. गेरिटचं ग्रूव्ही प्रोव्हायडर प्लगइन टाकलंत की प्लगइन्स फोल्डरमधली साधी ग्रूव्ही फाइलसुद्धा प्लगइन म्हणून लोड होते. जार (जावाची तयार बांधलेली फाइल) नको, बिल्ड नको. फाइल बदलली की गेरिट ती स्वतःच पुन्हा लोड करतो; ही तपासणी डीफॉल्टने दर मिनिटाला होते. स्काला भाषेसाठीही असाच प्रोव्हायडर आहे, पण टीमला स्काला येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

स्क्रिप्टमध्ये 'कमिट व्हॅलिडेशन लिसनर' हा इंटरफेस इम्प्लिमेंट करायचा आणि क्लासवर 'लिसन' अ‍ॅनोटेशन लावायचं. मेसेज रेगेक्सला (मजकुराचा साचा) जुळला नाही तर एक्सेप्शन फेकायचं. त्यातला मजकूर पुश करणाऱ्याला टर्मिनलवर दिसतो, म्हणून तिथे नुसतं 'चूक' लिहू नका. नंबर कुठे लिहायचा आणि कमिट अमेंड करून पुन्हा पुश करायचं, हे स्पष्ट लिहा.

आता महत्त्वाचं. स्क्रिप्ट म्हटलं की ती बाजूला कुठेतरी चालते असं वाटतं, पण ती गेरिटच्याच जेव्हीएममध्ये (गेरिट ज्या जावा प्रोसेसमध्ये चालतो त्यातच), प्रत्येक पुशच्या वाटेत उभी असते. आधीच्या एका नोकरीत आम्ही तिकीट खरंच आहे का हे बघायला तिथूनच तिकीट सिस्टिमला एचटीटीपी कॉल करत होतो, तोही टाइमआउटशिवाय. एके दिवशी ती सिस्टिम रेंगाळली आणि सगळ्यांचे पुश लटकले. तेव्हापासून माझं ठाम मत आहे: व्हॅलिडेटरमध्ये फक्त मेसेजचा फॉरमॅट तपासायचा. तिकीट उघडं आहे की बंद, ते सीआयला (पुशनंतर आपोआप बिल्ड-टेस्ट चालवणाऱ्या सिस्टिमला) बघू द्या.

रिव्हर्टचाही, म्हणजे आधीचा कमिट उलटवण्याचाही, विचार आत्ताच करा. वेबवरून केलेला रिव्हर्टही याच तपासणीतून जातो. तयार मेसेजमध्ये मूळ कमिटची फक्त पहिली ओळ येते, त्यामुळे नंबर तळाशी लिहायची पद्धत असेल तर ऐन घाईच्या वेळी रिव्हर्ट अडतो. नंबर पहिल्या ओळीत घ्या, नाहीतर रिव्हर्टला सूट द्या.

ग्रूव्हीत मेथड कॉल करताना तिचं नाव चुकलं तरी फाइल लोड होते आणि चूक कोणाच्या तरी पुशच्या वेळी बाहेर येते. 'कंपाइल स्टॅटिक' अ‍ॅनोटेशन लावलंत तर ती लोड होतानाच सापडेल. आणि फाइल थेट सर्व्हरवर एडिट करू नका. तीसुद्धा गिटमध्ये ठेवा, तिचाही रिव्ह्यू होऊ द्या.