कुत्र्याचा औषधावर विश्वास नसतो, मग तो बरा कसा होतो?

प्रश्न : होमिओपॅथीच्या ३० सी थेंबांनी आमच्या कुत्र्याची खाज गेली. मुक्या जनावराला कसला आलाय प्लासिबो (औषध समजून घेतलेल्या बिनऔषधी गोळीनेही वाटणारा गुण)? उंदीर-डुकरांवरच्या प्रयोगांतही गुण दिसलाय म्हणे. मग हा पुरावा नव्हे का?

उत्तर : कुत्रा बरा झाला हे ऐकून बरं वाटलं. त्याचा औषधावर विश्वास नसतो, हे अगदी मान्य. पण खाज कमी झाली की नाही, हे तो सांगत नाही, तुम्ही सांगता. शिवाय खाज चढते-उतरते, आणि आपण औषध सुरू करतो ती नेमकी चढलेली असताना.

जनावरांचा डॉक्टर म्हणून असला शोधनिबंध हाती आला की मी निष्कर्ष नंतर वाचतो. आधी बघतो, नोंद कोणी केली आणि कुठलं औषध कोणाला दिलंय हे त्याला ठाऊक होतं का. २०१० साली नेदरलँड्समधला डुकरांवरचा प्रयोग आला. ५२ गाभण डुकरिणी, त्यांची ५२५ पिल्लं. औषधाच्या गटातल्या पिल्लांना हगवण कमी लागली. निरीक्षकाला गट ठाऊक नव्हते. मेहनतीचं काम, मी ते झटकून टाकणार नाही. पण औषध डुकरिणींना दिलं होतं, आणि एका वेताची पिल्लं एकाच शेणामुतात लोळतात. एकाला हगवण लागली की भावंडांनाही लागते. म्हणून मोजायच्या त्या ५२ आया, ५२५ पिल्लं नव्हेत. एवढ्याशा आकड्यात योगायोगालाही जागा राहते. दुसऱ्या गोठ्यांतही तसंच दिसायला हवं.

नॉर्वेत कासदाह झालेल्या ५७ गायींवर होमिओपॅथी, अँटिबायोटिक आणि प्लासिबो ताडून पाहिले. होमिओपॅथी प्लासिबोपेक्षा ठळकपणे सरस ठरली नाही. उंदरांच्या वेदनेवरचा, खूप गाजलेला २०१८ चा निबंध तर 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या विज्ञान-नियतकालिकाने पुढच्याच वर्षी मागे घेतला.

शिवाय ३० सी म्हणजे शंभरपट विरळ करणं, तेही तीसदा. बाराव्या खेपेच्या आसपासच मूळ पदार्थाचा रेणू उरण्याची आशा संपते. असल्या दाव्याला पुरावाही तितकाच भक्कम लागतो. तो मला अजून दिसलेला नाही.

खाज पुन्हा उठली तर थेंबांवर दिवस काढू नका. कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली तपासून घ्या. खरजेचे किडे असले तर त्यांच्यावर नेमकं औषध आहे, आणि ही खरूज घरातल्या माणसांनाही लागू शकते.