मल्हार: देवाचे नाव की रागाचे?

इंदूरच्या एका तरुण दांपत्याने विचारले आहे की, मुलाचे नाव 'मल्हार' ठेवण्याचे घरात ठरले असून आजींच्या मते ते खंडोबाचे नाव आहे; हिंदीभाषक शेजाऱ्यांना मात्र त्यात श्रावणात झोपाळ्यावर म्हटली जाणारी गाणी आठवतात, आणि कोणीतरी 'मल हरणारा तो मल्हार' अशी फोड सांगितल्यामुळे मनात किंतु आला आहे. 'राव' गाळलेले हे रूप आजकालचे आहे का, असाही त्यांचा प्रश्न आहे.

आजींचे म्हणणे बरोबर आहे. मूळ शब्द 'मल्लारि', म्हणजे मल्ल अधिक अरि, मल्ल दैत्याचा शत्रू. मणी आणि मल्ल या दोन दैत्यांचा संहार करणाऱ्या मार्तंडभैरवाचे, अर्थात खंडोबाचे, हे नाव असून मरणाऱ्या मल्लाने आपले नाव देवाच्या नावाआधी घेतले जावे असा वर मागितला, असे कथेत सांगतात. 'मल्लारि'मधील 'ल्ल'चा मराठीत 'ल्ह' झाला, जसा 'उल्लास'चा 'उल्हास' झाला. 'प्रल्हाद' आणि 'आल्हाद' यांतही 'ल्ह' दिसतो, पण तेथे मूळच्या 'ह्ल'मधील अक्षरांची अदलाबदल झाली आहे, त्यामुळे ती उदाहरणे येथे लागू पडत नाहीत. मराठी जिभेला हा उच्चार किती जवळचा आहे, हे आपल्या 'ग्वाल्हेर'वरूनही कळावे. तेव्हा या नावात 'मल' असा स्वतंत्र शब्दच नाही. 'मल हरणारा' ही फोड ध्वनिसाम्यावरून मागाहून बसवलेली आहे आणि तिच्यामुळे मन मागे घेण्याचे काहीच कारण नाही.

राहिला शेवटचा इकार. तो गळणे हीदेखील जुनीच रीत आहे. मुर दैत्याचा अरि तो मुरारि, पण 1665 मध्ये पुरंदर लढवणारे मुरारबाजी देशपांडे आणि गुत्तीचे मुरारराव घोरपडे यांच्या नावांत तो इकार नाही. 'मल्हारी' आणि 'मल्हार' ही रूपे त्याचप्रमाणे शेजारी शेजारी नांदली आहेत. चंपाषष्ठीला तळी भरताना ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा ठेवून घरातील मंडळी ते मिळून उचलतात आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' असा गजर करतात. त्या गजरात 'राव' नाही आणि इकारही नाही. म्हणजे ज्या रूपाला आपण आजचे समजतो, ते देवापुढे पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेलेले आहे. ('येळकोट' हा शब्द कन्नडमधील सात कोटी या अर्थाच्या शब्दांवरून आला असे मानतात; खंडोबाला कर्नाटकात मैलार म्हणतात, हे लक्षात घेतले की त्याचे नवल वाटत नाही.)

राग मल्हारची परंपरा वेगळी आहे. तिचे नाते वर्षाऋतूशी असून मियाँ मल्हार हा प्रकार ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या तानसेनांची कबर ग्वाल्हेरला आहे. शेजाऱ्यांना सुचलेला अर्थ त्या अंगाने मुळीच खोटा नाही. परंतु मराठी घरांत मुलाचे नाव म्हणून जो मल्हार रुजला, तो जेजुरीचा. याचा उत्तम दाखला इंदूरकरांना दूर शोधावा लागत नाही: होळकरांचे कुलदैवत खंडोबा, मल्हाररावांच्या वडिलांचे नाव खंडोजी, आणि 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडलेल्या मुलाचे नाव खंडेराव. आजोबा, मुलगा, नातू या तिघांनाही एकाच देवाची नावे मिळाली. शहरातील मल्हारगंज हे नावही त्याच परंपरेतले आहे. बडोद्यातही हे नाव होते. 1875 मध्ये पदच्युत झालेले मल्हारराव गायकवाड हे सयाजीरावांच्या आधीचे महाराज.

'राव' हा मानाचा प्रत्यय आहे, नावाचा घटक नव्हे. पेशवाईतील पत्रांत 'मल्हारजी होळकर' असेही लिहिलेले आढळते. मधल्या काळात 'राव'युक्त नावे वडीलधाऱ्यांची वाटू लागली आणि त्यांच्याबरोबर मल्हारही मागे पडला, असे माझे मत आहे. 'राव' सुटताच नाव आटोपशीर झाले आणि आजच्या कानांना रुचू लागले. 2014 ते 2017 या काळात झी मराठीवर चाललेल्या 'जय मल्हार' मालिकेने ते घरोघरी रोज ऐकवले, याचाही त्यात वाटा असावा. जुने नाव इतक्या सहजपणे पुन्हा वापरात येताना पाहून मला मनापासून आनंद होतो.

उच्चाराची काळजी मात्र घ्यावी. 'ल्ह' हे जोडाक्षर आहे. हिंदी वातावरणात आणि रोमन लिपीतील लेखनामुळे ते सुटून 'मल-हार' होते, आणि तेथूनच त्या 'मल'चा घोटाळा सुरू होतो. शाळेत नाव घालताना देवनागरीत जोडाक्षर नीट लिहून द्यावे आणि शिक्षकांना एकदा म्हणून दाखवावे.