संभाजीनगरहून लंडन विमानाने किती लांब आहे, किती तास लागतात?

आपल्या चिकलठाणा विमानतळावरून लंडनला थेट विमान नाही, मुंबई किंवा दिल्लीवरून जावं लागतं, अन् मुंबई ते हीथ्रो (लंडनचा विमानतळ) हे अंतर साधारण ७२०० किलोमीटर, डायरेक्ट फ्लाइटला जाताना साडेनऊ-दहा तास लागतेत, येताना जवळपास तासभर कमी. कारण १० किलोमीटरच्या आसपास उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरात वारा वाहतो (जेट स्ट्रीम), तो जाताना समोरून येतो अन् येताना पाठीमागून ढकलतो. तिकिटावरच्या वेळा बघून नुसती वजाबाकी करू नका बरं का, त्या तिथल्या-तिथल्या घड्याळाच्या असतात, लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागं, उन्हाळ्यात साडेचार. फक्त एखाद्या देशाचं आकाश बंद असलं तर वळसा पडून वेळ वाढतो.