वाचकांचे प्रश्न : जुनी बेस गिटार घेताना आधी मान बघा

प्रश्न : मी बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. इथे एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातली चार तारांची बेस गिटार नऊ हजारांत मिळते आहे. पॉलिश उडालंय, वाजवताना खरखर येते. मालक म्हणतो, ‘लई जा भो, काहीच खराबी नही शे.’ घ्यावी का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : पॉलिशकडे बघूच नका, आणि खरखर हा बहुधा शंभर-दोनशे रुपयांचा आजार. नऊ हजार बुडतात ते मानेपायी, म्हणजे तारा दाबतात त्या लांब दांडीपायी. चार तारा मिळून मानेवर सुमारे ८० किलोंचा ताण टाकतात, तोही वर्षानुवर्षं. सुतार फळी डोळ्याला लावून बघतो तशी गिटार खालच्या टोकाकडून डोळ्यासमोर धरा आणि मानेच्या दोन्ही कडा बघा. मध्ये किंचित खोलगट कमान हवीच. पण एक कड एकीकडे आणि दुसरी दुसरीकडे वळलेली दिसली, म्हणजे मानेला पीळ पडलाय. तिथेच राम राम करा.

पीळ नसेल तर जाड तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) आणि जिथे मान धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर, अशी एकाच वेळी दोन्हीकडे दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर. फट जास्त असेल तर मानेतला ट्रस रॉड, म्हणजे तिला सरळ ठेवणारी सळई, आवळावा लागेल. तो आवळला जातो की नाही हे पैसे मोजण्याआधी बघायचं. अ‍ॅलन कीचा संच सोबत न्या, तारा थोड्या सैल करा आणि मालकाच्या हातूनच रॉडचा नट पाव फेरा फिरवून घ्या. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की कमान कमी होते. नट जागचा हलत नसेल किंवा नुसता गरगर फिरत असेल, तर सौदा सोडा. त्या दुरुस्तीचा खर्च नऊ हजारांच्या वाद्याला परवडत नाही.

आता प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. वीस फ्रेट असतील तर ८० जागा, दहा मिनिटांचं काम. एकाच जागी झणझण आली तर तो फ्रेट किंवा त्याच्या पुढचा झिजलाय वा उचकटलाय. पहिल्या पाचही फ्रेटवर झणझण असेल तर मान उलटी वाकली आहे, रॉड सैल केल्यावर ती बहुतेक सुधारते. सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो. चांगल्या बेसमध्येही हे आढळतं, त्यावरून भाव पाडायला जाऊ नका. मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिलाही नटच म्हणतात; त्या नटाच्या मागे, जिथे डोकं सुरू होतं, तिथे मात्र नख फिरवून बघा, केसाएवढी भेगही अडकते.

खरखर नेमकी कधी येते? बटण फिरवताना आली तर पॉटमध्ये, म्हणजे बटणाखालच्या भागात, धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लिनर आत मारा आणि बटण वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा. गंज काढायचा साधा स्प्रे नको, त्याचा थर राहतो आणि धूळ पुन्हा चिकटते. केबल हलवल्यावर आली तर आधी केबल बदलून बघा, मग जॅकचा, म्हणजे केबल खुपसतो त्या खोबणीचा, नट आवळा, तेवढ्यानेही न भागलं तर आतला सोल्डरचा टाका निघालाय. बॅटरीवर चालणारी गिटार असेल तर ९ व्होल्टची नवी बॅटरी खिशात न्या. अशा गिटारीत जॅकला केबल लावून ठेवली की बॅटरी संपत राहते, त्यामुळे ‘आवाजच नाही’ ही तक्रार बरेचदा खोटी निघते.

भावाचा आमचा ठोकताळा असा : आज तेच मॉडेल नवं जेवढ्याला मिळतं त्याच्या निम्मे. त्यातून नव्या तारांची किंमत वजा करा, कारण जुन्या तारा काळ्या पडलेल्याच असणार आणि बेसचा संच साध्या गिटारच्या संचापेक्षा बराच महाग असतो. तारा मागवण्याआधी नटापासून बाराव्या फ्रेटपर्यंत टेप लावा. १७ इंच भरले तर नटापासून ब्रिजपर्यंत, म्हणजे धडावर तारा टेकतात तिथपर्यंत, तारेचं पूर्ण माप ३४ इंच. १९५१ च्या फेंडर प्रिसिजन बेसपासून हेच माप रूढ आहे. १५ इंच भरले तर ती आखूड मापाची, तिच्या तारा वेगळ्या येतात. नवी तार खुंटीच्या पुढे चार-पाच इंच सोडून आधी वाकवा आणि मगच कापा. न वाकवता कापली तर वरचं वेटोळं उसवतं.

प्रश्न : अ‍ॅम्पमधून सतत घूंऽ येतं. कधी कधी तारेला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. गिटार खराब आहे का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : झिणझिण्या येत असतील तर आजच वाजवणं थांबवा. दोष गिटारीचा नाही, अर्थिंगचा किंवा अ‍ॅम्पचा आहे, आणि माईकला ओठ लागला तर तो जिवावर बेतू शकतो. प्लगची तिसरी पिन काढून वाजवणारे महाभाग आजही भेटतात. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. खड्ड्याचं अर्थिंग असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालावं लागतं.

नुसती घूंऽ वेगळी. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर गिटार ठीक आहे. ट्यूबलाइटचा चोक आणि मोबाइलचा चार्जर यांपासून लांब बसा. दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचे, त्यांचा आवाज टिपणारे एका वेटोळ्याचे चुंबक) असतील तर दोन्हींचे आवाज सारखे पूर्ण ठेवा, बहुतेक गिटारींत घूंऽ जवळजवळ जाते. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखाली दाबलेली अर्थची वायर तुटलीय का बघा.

प्रश्न : एप्रिलपासून मानेच्या कडेला फ्रेटची टोकं बोटांना टोचतात. फ्रेट वाढतात का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : फ्रेट तेवढेच राहतात, कोरड्या हवेत लाकूड आकसतं. पावसाळ्यात टोचणं आपोआप थांबेल, पण बारीक कानस मारायची ती मे महिन्यातच, लाकूड सर्वांत आकसलेलं असताना. मग पुढच्या वर्षीही त्रास होत नाही. फ्रेटच्या मधल्या लाकडावर चिकटपट्टी लावून मगच कानस धरा. गिटार पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका आणि कूलरसमोरही नको. रात्री ओली हवा, दुपारी कोरडी, यात मान रोज हलते.

प्रश्न : पेटी येते. बेसवर सुरुवात कुठून करू? कीबोर्डचा अ‍ॅम्प चालेल का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : जाड तारेकडून मोकळ्या तारा अशा : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. काळी चारचा सा जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर. त्याचा पंचम शेजारच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे, म्हणजे सहाव्यावर. कुठल्याही सुराचा पंचम याच ठेवणीत सापडतो. केरव्याच्या पहिल्या मात्रेला सा आणि पाचवीला प, एवढंच ढोलकीबरोबर पंधरा दिवस वाजवा. बोट फ्रेटच्या डोक्यावर न ठेवता त्याच्या अगदी मागे दाबा, आणि न वाजणाऱ्या तारांवर हात टेकवून त्या गप्प ठेवा. बेस गढूळ वाजतो तो बहुतेक तिथेच.

कीबोर्डचा अ‍ॅम्प चालतो, उत्तम चालतो. सर्वांत जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झचा असतो, छोट्या ब्लूटूथ स्पीकरमधून तो नीट निघतच नाही. साध्या गिटारच्या आठ इंची अ‍ॅम्पवर हळू वाजवा, आवाज वाढवलात तर त्याच्या स्पीकरचा पडदा (कोन) फाटेल.