जुना संगणक मंद का होतो?

प्रश्न : 2014 साली घेतलेला आमचा डेस्कटॉप संगणक पूर्वी मिनिटभरात सुरू होत असे, आता सात-आठ मिनिटे लागतात. त्यात 4 जीबी रॅम आणि हार्ड डिस्क आहे. काम पूर्वीचेच, म्हणजे पत्रे आणि दुकानाचा हिशेब. प्रोसेसर झिजला असेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तशी शक्यता फारच कमी आहे. प्रोसेसरमध्ये फिरणारा, घासणारा भाग नसतो आणि त्याचा ठरलेला वेग वयाबरोबर उतरत नाही. पंख्यात धूळ साचली किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर वाहून नेणारा लेप) वाळली, तर मात्र तापमान वाढते आणि जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. पण हा दोष साफसफाईने जातो.

आपले काम तेच असले, तरी संगणकाचे काम तेच राहिलेले नाही. 2001 सालच्या विंडोज एक्सपीला किमान 64 एमबी रॅम (चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवण्याची जागा) पुरत असे, तर 2021 सालच्या विंडोज 11 ला किमान 4 जीबी, म्हणजे चौसष्टपट रॅम लागते. पास्कल ही संगणकभाषा घडवणारे निकलाउस विर्थ यांनी सॉफ्टवेअरच्या या वाढत्या स्थूलपणाबद्दल 1995 मध्येच तक्रार केली होती.

ब्राउझर, अँटिव्हायरस आणि अद्ययावतीकरणाची पडद्यामागची कामे यांनी रॅम भरली, की संगणक तिच्यातला काही मजकूर हार्ड डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. खरी अडचण येथे आहे. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीवर नेमकी जागा गाठायला साधारण दहा मिलिसेकंद जातात; रॅममधून तीच माहिती त्याच्या सुमारे एक लाखांश वेळात मिळते. तोवर बिचारा प्रोसेसर रिकामा बसलेला असतो आणि आळशीपणाचा ठपका त्याच्यावर येतो!

विंडोजमधला टास्क मॅनेजर (कोणता भाग किती व्यग्र आहे ते दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून पाहावा. डिस्कचा आकडा बराच वेळ शंभर टक्क्यांच्या आसपास राहत असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवावी आणि मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीवर, सोय असल्यास रॅम 8 जीबी करावी. संगणकासोबत आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत. ‘वेग वाढवून देतो’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र घेऊ नयेत. बहुधा त्यांचाच आणखी एक भार होतो.

डिस्क कटकट आवाज करत असेल, तर या सगळ्याच्या आधी हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी.