होम प्राइम काढायला बसताय? आधी हे वाचा

नियम सोपा आहे: संख्येचे मूळ (अविभाज्य) अवयव चढत्या क्रमाने शेजारी शेजारी लिहा, तयार झालेल्या संख्येचे पुन्हा अवयव पाडा, मूळ म्हणजे अविभाज्य संख्या आली की थांबा; तीच सुरुवातीच्या संख्येची होम प्राइम. १० पासून सुरुवात करा: २५, ५५, ५११, ७७३. एवढं हातानेच करा.

अवयव परत परत येत असेल तर तितक्या वेळा लिहायचा. ८ म्हणजे २२२. घातांक वापरून २३ लिहिलंत तर ती वेगळीच क्रमिका होते. तीही मोठी सुंदर आहे: तिथे प्रत्येक संख्या शेवटी मूळ संख्येवर पोचते असा गणितज्ञ जॉन कॉनवेचा अंदाज होता, पण २०१७ मध्ये १३५३२३८५३९६१७९ सापडली. तिचे अवयव १३ × ५३² × ३८५३ × ९६१७९. सलग लिहून बघाच, तीच संख्या परत येते!

प्रोग्रॅममध्ये भागाकार वर्गमुळापर्यंतच चालवा, पण शेवटी १ पेक्षा मोठं काही उरलं तर तोही मूळ अवयव असतो. नवखे नेमका तोच जोडायला विसरतात. ५११ मधून ७ काढल्यावर उरणारे ७३ असेच निसटतात.

स्प्रेडशीट मात्र नको. ती १५ अंकांपुढचे अंक शून्य करते आणि ८ ची साखळी १९ अंकी ३३३१११३९६५३३८६३५१०७ वर संपते. पायथॉनचे पूर्णांक वापरा, भागाकाराला // लिहा. / ने दशांश संख्या येते आणि शेवटचे अंक बिघडतात.

४९ ला सध्या हात लावू नका. ७७, ७११, ३३७९, ३११०९ अशी ती शांतपणे निघते, पण तिचा शेवट अजून कुणालाच सापडलेला नाही.