वाचकांचे प्रश्न : पाच डोसची कुपी, दोनच बाळं

प्रश्न : मेळघाटातल्या आमच्या उपकेंद्रावर लसीकरण सत्राला कधी दोनच बाळं येतात. गोवर-रुबेलाची ५ डोसची कुपी फोडावी की राखावी? लस मोजूनच मिळते.
– एक आरोग्यसेविका

उत्तर : ताई, एकच बाळ आलं तरी कुपी फोडा. कुपोषित लेकराला गोवर जिवावर बेततो; त्यापुढे वाया जाणाऱ्या डोसांचा हिशेब करू नये. लसीची पावडर विरघळवल्याची वेळ कुपीवर लिहा. ४ तास झाले किंवा सत्र संपलं, जे आधी होईल तेव्हा ती बाद. बीसीजीचंही (क्षयरोगाची लस) तसंच. पेंटा (पाच रोगांवरची एकत्रित लस), टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) उघडी कुपी मात्र नीट थंड राहिली, मुदत आणि व्हीव्हीएम (कुपीवरचं उष्णता दाखवणारं चिन्ह) ठीक असला तर २८ दिवस चालते.

तुटवडा बहुतेकदा मागणीपत्रातच सुरू होतो, कारण नुसती बाळं मोजली जातात. महिन्याला गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस मिळून ३८ लाभार्थी असतील तर ३८ × १.३३ (वाया जाणारे डोस धरून काढलेला गुणक), म्हणजे ५१ डोस, ११ कुप्या. त्या ५१ डोसांवर २५ टक्के राखीव धरून ६४ डोस, म्हणजे १३ कुप्या मागा.

आणि उन्हाच्या धास्तीनं फ्रीजरमधले आइसपॅक थेट कॅरियरमध्ये (लस नेण्याच्या पेटीत) भरू नका. हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत ते बाहेर ठेवा, नाहीतर पेंटा गोठते, आणि गोठलेली लस व्हीव्हीएमवरून ओळखू येत नाही.